ब्लू की लाल, झाळलेला की सुटा: कापसाच्या घरातला कीबोर्ड

आमच्या घरात संगणक आणि कापूस शेजारी-शेजारी नांदतात. सीतादहीची पूजा करून पहिली वेचणी घरी आली की मधल्या खोलीत ढीग लागतो. भाव चढेल या आशेवर तो कधी संक्रांतीपर्यंत, कधी होळीपर्यंत तसाच राहतो, आणि त्याच खोलीच्या दाराला लागून माझं टेबल. दिवसा त्या टेबलावर लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका टाइप करायच्या. रात्री जेवणं झाली की काउंटर-स्ट्राइक, गोळीबाराचा गेम. कीबोर्ड एकच. त्यामुळे पुसदच्या भाच्यानं विचारलं, "मामा, टायपिंगची परीक्षा पण द्यायची हाय अन् गेम पण खेळायचा हाय, मेकॅनिकल कोणता घेऊ?" तर त्याला फोनवर दोन शब्दांत उत्तर देता येईना.

मेकॅनिकल म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला कीबोर्ड. असे मी दोन वापरले आहेत. पहिला एका गेमिंग कंपनीचा, टिक वाजणाऱ्या ब्लू स्विचचा, पूर्ण लांबीचा, स्विच बोर्डावर कायमचे झाळलेले, म्हणजे सोल्डर केलेले. दोन हजारांच्या थोडा वर पडला होता. दुसरा हॉट-स्वॅप, म्हणजे चिमट्यानं स्विच उपटून नवा खोचता येतो असा, त्यात लाल जातीचे सरळ खाली जाणारे स्विच. साडेतीन हजारांच्या आसपास. पहिल्याचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात कंपनीपेक्षा आमच्या घराचा दोष जास्त असेल.

बोटांना काय वाटतं ते आधी सांगतो. बँकेत किंवा तहसीलच्या काउंटरवर टीव्हीएस गोल्ड कीबोर्डचा आवाज ज्यानं ऐकला आहे, त्याला ब्लू स्विच समजावून सांगायला नको. मी तालुक्याच्या टंकलेखन संस्थेत जुन्या मशीनवर शिकलो, तेव्हा ब्लूची ती टिक माझ्या बोटांना माहेरासारखी वाटली. अक्षर उमटलं हे कान सांगतो, बटण तळापर्यंत दाबावं लागत नाही. लाल स्विचवर पहिले पंधरा दिवस माझी फजितीच होती. नुसती बोटं टेकवून विचार करत बसलो तरी दोन-चार अक्षरं पडलेली असायची. नुसतं टाइप करायचं असेल तर मी आजही ब्लूकडेच झुकेन, हे कबूल.

गेममध्ये उलट. ब्लूमध्ये बटण लागतं एका उंचीवर आणि सुटतं त्याच्या बरंच वर. लिहिताना ते कळत नाही. पण उजवीकडे पळता पळता थांबून गोळी मारायची असते तेव्हा डी सोडून उलट दिशेचा ए टिचकवायचा असतो, आणि बोट उचललं तरी बटण अजून सुटलेलं नसतं. लाल स्विच या बाबतीत साधा, भोळा. सोडला की सुटला. मी लाल लावल्यापासून बरा खेळायला लागलो असं सोबतचे म्हणतात. वय वाढून शहाणपण आलं असेल हीसुद्धा शक्यता आहेच.

आवाजाबद्दल एवढंच, की आपल्याकडे तो ऋतूवर आहे. मार्च सरताना कूलर लागतो तो मृग बरसेपर्यंत, आणि त्या घरघरीत ब्लू स्विचच काय, दारात ट्रॅक्टर उभा राहिला तरी ऐकू येत नाही. पण डिसेंबरच्या रात्री? एकदा आई उठून आली आणि दारातूनच म्हणाली, "काय टकटक आहे रे रातच्याले? कापसात उंदीर शिरला काय, पाह्य बरं." मी हेडफोन लावून बसलेलो, मला काहीच ऐकू नाही. ती बॅटरी घेऊन ढिगाभोवती फिरून आली.

पण आवाजामुळे मी बोर्ड बदलला नाही. बदलला तो डीच्या बटणामुळे.

इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे सरकारी मराठी कीबोर्ड मांडणीत, लिहिणाऱ्याला सांगायला नको, पाय मोडायचा असतो डीनं. 'विद्यार्थी' लिहिताना ते बटण दोनदा लागतं. 'महाराष्ट्र' लिहिताना दोनदा. आपल्याकडचा कोणताही अर्ज घ्या, त्यात या दोन्हींपैकी एक तरी शब्द असतोच. आणि गेममध्ये उजवीकडे सरकायचं तेही डीनंच. डावीकडच्या ए-वर ओकार, एस-वर एकार, डब्ल्यूवर ऐकार. म्हणजे रात्री गेममध्ये चालायची जी चार बटणं झिजतात, ती चारही दिवसासुद्धा राबतात. इंग्रजी टाइप करणाऱ्याला डी इतका लागत नाही, त्यामुळे बाहेरचे आढावे वाचून ही गोष्ट लक्षात येत नाही. रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टंकलेखन यंत्राच्या मांडणीवाल्यांचा हिशेब वेगळा. त्यांचा काना के-वर असतो, तेव्हा त्यांचं के आधी जाईल.

तर वर्ष-सव्वावर्ष झालं आणि डी दोनदा उमटायला लागला. स्विचच्या आत धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना भेटतात. भेटताना त्या थोड्या थरथरतात, म्हणून कीबोर्डाचा मेंदू साधारण ५ मिलिसेकंद त्या थरथरीकडे काणाडोळा करतो. त्या पट्ट्यांमध्ये धूळ किंवा तंतू गेला की थरथर लांबते, आणि मेंदू म्हणतो, दोनदा दाबलं. इंग्रजीत असं झालं तर अक्षर दोनदा दिसतं, खोडता येतं. मराठीत पाय दोनदा मोडला की अक्षराच्या जागी ते ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ येतं. घाईत ते नजरेतून निसटतं आणि छापून आल्यावर गावभर दिसतं. एका पत्रिकेत 'सप्रेम' हा शब्द असा फुटला होता. कागद प्रेसमध्ये जाण्याआधी पोरीच्या मामाच्या लक्षात आला म्हणून निभावलं.

मी डीच्या बटणाची टोपी काढून पाहिली. खाली सरकीचा बारीक तंतू, अगदी पिंजून ठेवल्यासारखा. फुंकर मारली, ब्लोअर मारला, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडून बटण शंभरदा दाबलं. आठ दिवस ठीक, नवव्या दिवशी पुन्हा तेच. सॉफ्टवेअरमध्ये तो काणाडोळ्याचा वेळ वाढवून पाहिला. १५ मिलिसेकंदांवर दुहेरी अक्षर थांबलं, पण गेममध्ये हात जड झाल्यासारखा वाटायला लागला. मुंबईच्या सर्व्हरला आमच्याकडून ४५-५० पिंग लागतो, म्हणजे जायला-यायला तेवढे मिलिसेकंद, त्यात हे १० मिलिसेकंद मला खरंच कळत होते की मनाचे खेळ होते, देव जाणे.

वॉरंटी होती. सेवा केंद्र जिल्ह्यात नव्हतं. पार्सल करा, ते तपासतील, मग पाहू. आणि हे नेमकं जूनमध्ये, दाखल्यांच्या गर्दीत. पाठवला नाही. वॉरंटी सरली. मग तालुक्याला मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, "झाळून देतो, पण स्विच आणा." एका स्विचसाठी कुरिअर स्विचपेक्षा महाग. शेवटी त्यानंच डोकं चालवलं: स्क्रोल लॉकचा स्विच उपटून डीच्या जागी बसवला. दीडशे रुपये. बेस चाललं. चार महिन्यांनी एस गेला. तेव्हा पॉजचा बळी दिला. त्यानंतर काना जिथं आहे तो ई दुहेरी व्हायला लागला, आणि माझ्या बोर्डावरची निरुपयोगी बटणं संपत आली.

हॉट-स्वॅप घेतला तो या वैतागातून. पहिल्याच हंगामात डी पुन्हा बोलायला लागला. लाल स्विचलाही तंतू लागतोच, त्यात कुणाला भ्रम नको. पण या वेळी समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना टोपी काढली, चिमट्यानं स्विच उपटला, सुपारीच्या डबीतून नवा काढून खोचला. संगणक बंदसुद्धा केला नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "दाताचा डॉक्टर झाले काय भाऊ?" वीस-पंचवीस रुपयांना एक स्विच पडतो. दहा-बारा जास्तीचे आधीच मागवून ठेवले आहेत. जुना स्विच उघडून, धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा डबीत.

याच्या उणिवा आहेत. खोचताना स्विचच्या तांब्याच्या पिना सरळ नसल्या तर दुमडतात. माझ्या दोन दुमडल्या, एक सरळ केली, एक तुटली. घाईनं उपटलं तर खालचा सॉकेट सैल होऊ शकतो, आणि तो सैल झाला की पुन्हा त्या झाळणाऱ्याकडेच जावं लागेल. शिवाय नावाला हॉट-स्वॅप असलेले काही स्वस्त बोर्ड फक्त आउटेमू कंपनीचे बारीक पिनांचे स्विच घेतात. गॅटेरॉन किंवा चेरी कंपनीचा खोचायला गेलं तर जातच नाही. घेण्याआधी एवढं एक विचारून घ्यावं. आणि बोर्ड तीन पिनांचा असेल तर पाच पिनांच्या स्विचचे प्लास्टिकचे दोन पाय नेलकटरनं कापावे लागतात, त्याचं काही विशेष नाही.

मूळ चेरी कंपनीचं एमएक्स स्विचचं पेटंट २०१४ च्या सुमारास संपलं आणि त्यानंतर चिनी कारखान्यांनी तोच साचा घरोघरी नेला. सुटे स्विच आपल्या खिशाला झेपायला लागले ते त्यामुळे. नाहीतर हा उपाय मला सुचलाही नसता.

आता तिसरा पर्याय, कारण भाचा त्याबद्दल तीनदा विचारून चुकला: चुंबकाचे स्विच, हॉल इफेक्टवाले. अमरावतीच्या मित्राचा दहा दिवस आणला होता. त्यात पट्ट्याच नाहीत, तेव्हा माझं हे दुहेरी अक्षराचं दुखणं त्याला मुळातच नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. बटण किती खोल गेल्यावर लागावं ते आपण ठरवायचं, आणि बोट जरा उचललं की सुटतं. गेमसाठी याला तोड नाही. उलट दिशेची बटणं आपोआप सांभाळणारी सोय त्यात इतकी पुढे गेली की २०२४ च्या ऑगस्टमध्ये गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हनं काउंटर-स्ट्राइक २ च्या आपल्या सर्व्हरवर तिला मनाई केली. पण गेमची सेटिंग ठेवून सकाळी अर्ज टाइप करायला बसलो तर श्वास टाकला तरी मात्रा पडत होत्या. दर वेळी सेटिंग बदलायची, आणि मी ते निम्म्या वेळा विसरत होतो. त्याचे स्विचही साध्या स्विचांशी बदलता येत नाहीत. ज्याला फक्त खेळायचं आहे त्यानं बेशक तोच घ्यावा. ज्याच्या पोटाचा धंदा टायपिंगवर आहे त्यानं थोडं थांबावं, असं मला वाटतं. माझं चुकतही असेल.

बाकी गोष्टी भराभर. नंबरपॅड हवाच. गेमवाले तो काढून टाकतात, म्हणे माउसला जागा होते. पण आधारचे १२ आकडे आणि खाते क्रमांक दिवसातून पन्नासदा टाकणाऱ्यानं वरच्या ओळीवर किती नाचायचं? त्यातही कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये काम येत असेल तर काही अक्षरं ऑल्ट दाबून नंबरपॅडवरूनच काढावी लागतात. नंबरपॅड ठेवून मधली मोकळी जागा गिळलेले बोर्ड मिळतात, माझा तसाच आहे, माउसला वीतभर जागा सुटते. ८००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला आठ हजार वेळा संगणकाला कळवणाऱ्या बोर्डाच्या, नादी लागू नये. १००० हर्ट्झला एक मिलिसेकंद, ८००० ला त्याचा आठवा भाग. गावातून ४५ पिंगवर खेळणाऱ्यानं त्याचे पैसे मोजणं म्हणजे बंडीला स्पीडोमीटर लावणं. टोप्या पीबीटी प्लास्टिकच्या असाव्यात, एबीएस प्लास्टिकच्या टोप्या मेच्या घामानं वर्षभरात तुळतुळीत होतात. फक्त पीबीटीच्या खरबरीत पाठीवर मराठी अक्षरांचे स्टिकर टिकत नाहीत. माझे दोनदा निघाले, मग नाद सोडला.

भाच्याला परीक्षेचं एक वेगळं सांगितलं. लिपिकाच्या जागेला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं, आणि परीक्षेच्या जागी पुढ्यात येणारा कीबोर्ड बहुतेक साधा रबरीच असतो. तेव्हा शेवटचे पंधरा दिवस सराव त्याच्यावरच करायचा, घरी कितीही भारी बोर्ड असला तरी.

तो अजून ब्लूवर अडून आहे. आवाज आवडतो म्हणतो. मी म्हटलं, मग हॉट-स्वॅप घे आणि त्यात ब्लू खोच. पुसदला भाड्याच्या खोलीत तिघं राहता, दोघांनी तक्रार केली की तासाभरात लाल लावता येईल. आणि इतकं करून झाळलेलाच हवा असेल तर माझा जुना इथं टेबलाखाली पडला आहे, फुकट घेऊन जा. ई तेवढा दुहेरी उमटतो. त्याच्यासाठी स्विच कुठून काढायचा ते बघावं लागेल, इन्सर्टचा अजून शिल्लक आहे.