‘तुमचंच शरीर गर्भाला मारतंय’ म्हणत ९६,७०० रुपये घेतले

आकडा आधी सांगते, कारण आमच्या घरात तो अजून कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. फाइल फी २,१००. रक्ताचं ‘इम्यून पॅनेल’, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या तपासण्या, २८,५००. पाच सलाइन, प्रत्येकी ९,५००, म्हणजे ४७,५००. आणि ‘गर्भाशयाची सूज उतरवणारी’ पावडर तीन महिने, महिन्याला ६,२००, म्हणजे १८,६००. एकूण ९६,७००. बेदाणा विकून आलेले पैसे होते. द्राक्षबागेच्या खरड छाटणीच्या मजुरांचे पैसे द्यायचे राहिलेले असताना ह्यांनी एका शब्दानं न विचारता काढून दिले.

‘एवढी शिकलेली बाई, फसलीच कशी?’ असं जाऊबाई तोंडावर म्हणाल्या. लग्नाला नऊ वर्षं झाली. दोनदा आयव्हीएफ केलं. दोन्ही वेळा गर्भ चांगला, गर्भाशयाचं अस्तर चांगलं, तरी रिपोर्ट निगेटिव्ह. का, म्हणून विचारलं की ‘कधी कधी असं होतं’. दोन वर्षं हेच ऐकत आलेल्या बाईसमोर कुणी कागद ठेवून कारण सांगितलं तर ती ते धरणारच. मी धरलं. याची लाज मला वाटते, पण सगळा दोष माझा आहे असं मी म्हणणार नाही.

मोबाइलवर जाहिरात आली, चौकशी केली, मग रोज एका बाईचा फोन: ‘वहिनी, जेवलात का? वहिनी, यंदा पाळणा हलणार.’ सांगलीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आत पांढरा कोट घातलेला माणूस. त्यानं कागदावर चित्र काढून सांगितलं: गर्भ निम्मा नवऱ्याचा, म्हणून तुमच्या शरीराला तो परका. तुमच्या ‘किलर सेल’ वाढल्यात, त्या त्याला मारतात.

याचा अर्धा भाग खरा आहे, म्हणून तर ते पचलं. परका असूनही आई गर्भाला कसं सांभाळते, हा प्रश्न पीटर मेडावर या शास्त्रज्ञानं १९५३ मध्येच मांडला होता. पण गर्भाशयातल्या ज्या पेशींना ‘नॅचरल किलर’ (एनके) म्हणतात, त्या तिथं मारत सुटत नाहीत. वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा भाग, जिथं धरायची तिथल्या रक्तवाहिन्या रुंद करायला त्या मदत करतात. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात दर महिन्याला त्या आपोआप वाढतात. आणि रक्तातल्या एनके पेशी वेगळ्या, त्यांचा आकडा गर्भाशयातलं काही सांगत नाही. गर्भ रुजतानाही थोडी सूज लागतेच, ती सरसकट दाबायची नसते. हे सगळं मला पैसे गेल्यावर समजलं.

आता जिथं मी उठायला हवं होतं ती वेळ. दुसरं सलाइन सुरू होतं. शेजारच्या खाटेवर आष्ट्याच्या एक ताई होत्या. बोलता बोलता त्यांनी रिपोर्ट काढला: एनके सेल २३.४ टक्के. माझेही २३.४. दशांशासकट. आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून खूश झालो, की आपला आजार एकच आहे! त्या कागदावर लॅबचा पत्ता नव्हता, सही नव्हती, नॉर्मल किती असतं तेही छापलेलं नव्हतं. बारावी सायन्सला मी होते. तरी त्यानंतर आणखी तीन सलाइन घेतली. म्हणजे ते बघितल्यावर २८,५०० रुपये गेले. रात्री झोप लागत नाही ती या पैशांपायी, बाकीच्यांपायी नाही.

बाटलीच्या किमतीवर पांढरी पट्टी चिकटवलेली असायची. माझी मावसबहीण स्टाफ नर्स आहे. तिला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन: ‘अगं, ही इंट्रालिपिड. तोंडानं खाता येत नाही त्या पेशंटला शिरेतून पोषण म्हणून देतात.’ सोयाबीनचं तेल आणि अंड्यातला घटक असतो त्यात. सोया किंवा अंड्याची अॅलर्जी आहे का, हे मला एकदाही कुणी विचारलं नव्हतं. १०० मिलीची ती बाटली दुकानात हजाराच्या आत मिळते. युरोपातल्या वंध्यत्व-तज्ज्ञांच्या ‘एश्रे’ या संघटनेनं २०२३ मध्येच सांगितलंय की आयव्हीएफसोबत ना ही रक्ताची एनके तपासणी करा, ना इंट्रालिपिड द्या.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते, तर माझ्या गर्भाशयाला सूज खरंच होती! नंतर मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासला. सीडी-१३८ नावाचं प्रथिन रंगवलं की जुनाट सुजेची खूण असलेल्या प्लाझ्मा पेशी दिसतात, त्या सापडल्या. जुनाट एंडोमेट्रायटिस, म्हणजे अस्तराची जुनी सूज. चौदा दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, दिवसातून दोनदा. गोळ्यांचं बिल ५०० रुपयेसुद्धा नव्हतं. क्षयाची तपासणीही त्यांनी करून घेतली, कारण आपल्याकडे गर्भाशयाचा क्षय मूल न होण्याचं मोठं कारण आहे. त्या फ्लॅटमध्ये सूज सूज करत तीन महिने पावडर दिली, पण अस्तर कुणी तपासलं नाही. रक्तावरून गर्भाशयाची सूज सांगणाऱ्याला तिथल्या तिथं विचारा, बायोप्सी कधी करणार?

पोलिस ठाण्यात म्हणाले, ‘उपचार घेतलेत ना? मग फसवणूक कसली? गुण आला नाही म्हणून गुन्हा नोंदवत नाहीत.’ हे बाहेर उभे, आणि मी तीन पुरुषांसमोर पाळीच्या तारखा सांगत बसले होते. दवाखान्यांची नोंदणी बघणाऱ्या कार्यालयात सांगितलं, ती जागा दवाखाना म्हणून नोंदलेलीच नाही, आमच्याकडे येत नाही. डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्यांनी कळवलं, तो मनुष्य आमच्या यादीत नाही, कारवाई कशी करणार? म्हणजे नोंदणी करून चुकलं तर शिक्षा, आणि नोंदणीच केली नाही तर सगळे हात वर! पावडरीसाठी आणखी एक कार्यालय, तिथं सीलबंद डबा मागितला. उघडून खाल्लेली पावडर मी सीलबंद कुठून आणू? चार फेऱ्या, प्रत्येक वेळी एसटी, प्रत्येक वेळी ‘साहेब मीटिंगमध्ये’. बाईच्या वंध्यत्वावर औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. ती जाहिरात मी मोबाइलवर उघडून दाखवली. ‘लेखी द्या’ म्हणाले. लेखी दिलं. पोच मागितली तर चिडले.

पोच घ्याच, शिक्क्यासकट. आणि पैसे कुणाच्या वैयक्तिक नंबरवर टाकू नका. माझे ७६,००० तसेच गेले, पावती फक्त फाइल फीची. आयव्हीएफ करणाऱ्या केंद्राला २०२१ च्या एआरटी कायद्यानं नोंदणी सक्तीची आहे, प्रमाणपत्र मागा, चिडला तर उठा. वारंवार गर्भपात होत असतील तर अँटिफॉस्फोलिपिडसारख्या (रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडी शोधणाऱ्या) खऱ्या तपासण्या आहेत, पण त्या बारा आठवड्यांच्या अंतरानं दोनदा करतात. एका दिवसात निकाल आणि त्याच संध्याकाळी सलाइन, असं त्यात होत नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आष्ट्याच्या ताईंनी घरच्यांना न सांगता त्यांचा रिपोर्ट मला आणून दिला. दोन्ही २३.४ एकाच फाइलला लावलेत. तारीख अजून लागलेली नाही. तुमच्याकडेही असाच २३.४ चा कागद असेल, तर लाजेपोटी तो फाडू नका.