साठवून पाठवलेले टपाल की कायमची जोडणी?

विकसनशील देशातील कृषिसंशोधकांपर्यंत ईमेल नेण्याचे दोन मार्ग होते. मुंबईने, जुहूचे एनसीएसटी (राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र) आणि पवईची आयआयटी यांच्यामुळे, त्यांतला पहिला १९८० च्या दशकातच अनुभवला. त्यात पत्रे स्थानिक संगणकावर साठत, मोडेम (संगणक फोनला जोडणारे यंत्र) ठरावीक वेळी फोनच्या साध्या लाइनवरून ती एकगठ्ठा पाठवी आणि आलेले टपाल उतरवून लाइन सोडून देई. उत्तराला कधी पूर्ण दिवस लागे. पण लाइन मध्येच तुटली तरी पत्र रांगेत शाबूत राही आणि खर्च जोडलेल्या मिनिटांपुरताच होई. वाणाच्या चाचणीला मुळात एक हंगाम लागतो, तिथे एका रात्रीचा उशीर कोणाला बोचणार?

दुसरा मार्ग भाड्याच्या कायम लाइनचा किंवा उपग्रह जोडणीचा. त्यात टपाल तत्काळ मिळते आणि दूरचे माहितीसाठे थेट चाळता येतात. मात्र वापर असो वा नसो, भाडे चुकत नाही. माटुंग्यात कापसाच्या तंतूंवर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेला ते पेलता आले असते. तालुक्याच्या संशोधन केंद्राला, जिथे एकुलता एक फोन प्रमुखांच्या टेबलावर (आणि बहुधा कुलपात) असे, तिथे माझ्या मते पहिलाच मार्ग आधी द्यायला हवा होता.