ठोकळ्यावर उभी असलेली व्ही-क्रॉस आणि द्वारकेचे पाटेवाले मिस्त्री

माझ्याकडे २०१८ सालची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही पिकअप आहे. ती मी जुनी घेतली, आणि घेतली तेव्हाच ती दोन इंच उंच केलेली होती. अगोदरच्या मालकाने हे काम दुसऱ्या एका शहरात करून घेतले होते. पुढे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीच्या) माथ्यावर स्पेसर आणि मागे ॲक्सल व पाटे (वजन पेलणाऱ्या बाकदार पोलादी स्प्रिंगच्या पट्ट्या) यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा, एवढेच त्याचे स्वरूप होते. नाशिकजवळ गिरणारेच्या पुढे आमची द्राक्षबाग आहे आणि बागेपर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर रस्ता काळ्या मातीचा, चाकोऱ्या पडलेला आहे, त्यामुळे उंच गाडी मिळाल्याचा मला आनंदच झाला होता. तो आनंद पहिल्या हंगामापर्यंत टिकला.

हौद्यात वीस किलोचे सोळा क्रेट भरले की गाडीचे मागचे अंग खाली बसत असे आणि नाक वर येत असे. रात्री गंगापूर रोडने शहरात शिरताना समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारू लागला, तेव्हा माझे हेडलाइट लोकांच्या डोळ्यांत जात आहेत हे लक्षात आले. एकदा टेप घेऊन मोजमाप केले. मागच्या चाकाच्या मध्यापासून चिखलफळीच्या कमानीपर्यंतचे अंतर रिकाम्या गाडीत ५७ सेंटिमीटर होते, ते भरल्यावर साडेएक्कावन्न झाले. म्हणजे उंचीसाठी मोजलेले दोन इंच सोळा क्रेटनी खाऊन टाकले होते. याउलट रिकामी गाडी पेठ रस्त्यावर सावळघाटाच्या वळणांमध्ये मागून उडत असे, मोठ्या खड्ड्यातून निघताना खालून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येई आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना सीटखालून एक थरथर जाणवत असे, तिची मला फार चीड येई.

या ठिकाणी ठोकळ्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण पिकअप उंच करून घेणाऱ्या अनेकांचा याच ठिकाणी गैरसमज होतो. बुटक्या माणसाला पाटावर उभे केले तर तो उंच दिसतो, पण त्याच्या पाठीवरचे ओझे त्यामुळे हलके होत नाही. ठोकळ्याने पाट्यांची जाडी, संख्या किंवा बाक यांपैकी काहीही बदलत नाही, त्यामुळे वजन आल्यावर ते पूर्वीइतकेच दबतात. शिवाय एक नवे दुखणे सुरू होते. इंजिनाचा जोर चाकांवर येतो तेव्हा ॲक्सलचे घर उलट दिशेने फिरू पाहते आणि त्याला अडवण्याचे कामही पाट्यांनाच करावे लागते. पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा आला की तो तरफेसारखा वागतो, पाट्यांना अधिक पीळ पडतो आणि पाटे ॲक्सलला आवळून धरणाऱ्या, लांब केलेल्या यू बोल्टवरचा ताणही वाढतो.

मी आधी बाजारातले पर्याय चाळले. लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणारी झुलती कडी) बसवण्याचा विचार लगेच सोडून दिला, कारण शॅकल दोन इंच लांब केला तर मागची उंची जेमतेम एक इंच वाढते आणि पाट्यांचा जोर तेवढाच राहतो. पाट्यांच्या मदतीला बसवायचे हवेचे फुगे चांगले काम करतात असे ऐकले होते, परंतु बागेतल्या दगडधोंड्यांत आणि फवारणीच्या औषधांत रबराची पिशवी किती दिवस तग धरेल याची मला खात्री वाटली नाही. ओल्ड मॅन एमूसारखे ऑस्ट्रेलियन ब्रँड एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या वजनांचे पाटे देतात. कायम किती वजन वाहायचे ते ठरवून संच निवडायचा, ही त्यांची पद्धत मला फार पटली, पण किंमत पटली नाही.

शेवटी नाशिकच्या द्वारका चौकाजवळ ट्रकचे पाटे बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कार्यशाळेत गेलो. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या मालगाड्या हेच तिथले मुख्य गिऱ्हाईक आहे. उंच केलेल्या हौशी गाड्या तिथे क्वचितच येतात, आणि ते माझ्या पथ्यावर पडले. मी अडीच इंच की तीन इंच यावर बोलू लागलो, तेव्हा मिस्त्रींनी मला मध्येच थांबवले. "शेठ, उंचीचं नंतर बघू. रोज किती माल भरता ते सांगा." मी अंदाजाने तीनशे-साडेतीनशे किलो म्हणालो. अंदाज त्यांना चालला नाही. "आधी काट्यावर जाऊन या. रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा. मागची चाकं वेगळी तोला." आजवर कोणत्याही गॅरेजने मला हा सल्ला दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी काट्याच्या चिठ्ठ्या घेऊन गेलो. रिकाम्या गाडीत मागच्या ॲक्सलवर ८२० किलो वजन होते आणि सोळा क्रेट भरल्यावर ते १,११० किलो झाले. त्या दोन आकड्यांवरून त्यांनी ठरवले की पाच पाट्यांचा नवा जुडगा करायचा आणि त्याच्याखाली एक जाड हेल्पर पाटा असा ठेवायचा की रिकाम्या गाडीत तो टेकणार नाही, वजन आल्यावरच कामाला लागेल.

जुन्याच पाट्यांना बाक का देत नाही, असे मी विचारले. ट्रकवाले सर्रास तसे करून घेतात. त्यांचे उत्तर सरळ होते: थंड पाट्याला हातोड्याने बाक दिला तर तो येतो, पण काही महिन्यांत पुन्हा बसतो. याचे कारण पोलादाच्या संस्कारात आहे. सिलिकॉन-मँगनीज पोलादाचा पाटा साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात विझवतात आणि मग पुन्हा ४५० ते ५०० अंशांच्या आसपास तापवून त्याला लवचिकपणा देतात. घणाखाली ते काम होत नाही. कार्यशाळेत अशी भट्टी नाही, हे मिस्त्रींनी स्वतःहून सांगितले. ते कारखान्यातून पाणी दिलेले तयार पाटे आणतात आणि येथे फक्त लांबी, क्लिप व जुळणी करतात. आमच्याकडे सगळे होते असे ठोकून न देणारा माणूस भेटला, याचेच मला अप्रूप वाटले.

गाडी उघडल्यावर जुन्या कामाची लक्तरे बाहेर आली. डाव्या बाजूच्या यू बोल्टच्या दोन नट साध्या पान्याने, जोर न लावता फिरल्या. ठोकळ्याच्या खालच्या बाजूला घासून चकचकीत झालेले एक वर्तुळ होते, म्हणजे ठोकळा ॲक्सलवर हलत होता. पाटे जागेवर धरून ठेवणारा सेंटर बोल्ट किंचित वाकला होता. तो तुटला असता तर धावत्या गाडीत ॲक्सल एका बाजूने जागेवरून सरकला असता. मिस्त्रींनी ठोकळा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हा तर उलटा बसवलाय." ठोकळा उतरता होता. त्याची जाड बाजू मागे असायला हवी होती, ती पुढे होती. त्यामुळे डिफरन्शिअलचे (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरपेटीचे) तोंड वर होण्याऐवजी खाली झुकले होते आणि इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या मागच्या जॉइंटला प्रत्येक फेऱ्यात नको तेवढे वाकावे लागत होते. क्लच सोडतानाच्या थरथरीचे मूळ हे होते. त्या आधी दोन गॅरेजवाल्यांनी मला क्लचप्लेट बदलायला सांगितली होती.

आपटण्याच्या आवाजाचे कारण शॉकअपमध्ये सापडले. गाडी उंच केली होती, पण मागचे शॉकअप मूळ लांबीचेच ठेवले होते. ॲक्सल खाली लोंबू दिल्यावर पाटे पूर्ण सुटण्याच्या आधीच शॉकअप ताणून संपत होता, म्हणजे खड्ड्यात चाक खाली पडले की सगळा हिसका शॉकअपच्या दांड्यावर येत होता. मी नायट्रोजन वायू भरलेले, मूळपेक्षा ४० मिलिमीटर लांब शॉकअप बाहेरून आणून दिले आणि त्यांनी ते बसवले. बसवल्यावर जॅकने ॲक्सल वर-खाली करून, शॉकअप दोन्ही टोकांना अपुरा पडत नाही आणि ब्रेकचा होज कुठे ताणला जात नाही, हे त्यांनी मला वाकून पाहायला लावले. काही पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला, वजनानुसार ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उंच झाली की हौदा रिकामा आहे असे समजून तो मागचे ब्रेक हलके करून टाकतो. असा व्हॉल्व्ह असलेल्या गाडीचे काम करताना त्याची कडी नव्याने जुळवून घ्यावी लागते, हेही त्यांनी त्याच ओघात सांगितले.

आता तक्रारी. दोन दिवसांचे काम चार दिवस चालले, कारण योग्य व्यासाचे यू बोल्ट तयार नव्हते आणि जुनेच पुन्हा वापरू या, अशी सूचना तिथल्या एका मुलाने केली. यू बोल्ट एकदा ताणून आवळला की तो पुन्हा तसाच धरत नाही. मी नकार दिला आणि मिस्त्रींनीही त्या मुलाला दटावले, पण दोन दिवस गेले ते गेलेच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शॅकलचे आणि पाट्याच्या डोळ्यातले (टोकाच्या गोल कडीतले) बोल्ट त्यांच्या माणसाने गाडी जॅकवर असतानाच पूर्ण आवळले. रबरी बुश असलेल्या जोडणीत हे चालत नाही. गाडी खाली उतरली की शॅकल फिरतो, रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते, गाडी कडक चालते आणि बुश लवकर फाटतात. चारही चाके जमिनीवर असताना हे बोल्ट ढिले करून पुन्हा आवळा, असे मी सांगितले तेव्हा तो माणूस थोडा नाराज झाला, पण त्याने ते केले, आणि मागची बाजू लगेच बोटभर खाली बसली. जो ग्राहक शेजारी उभा राहणार नाही त्याच्या गाडीत हे तसेच राहून जाईल, अशी मला शंका आहे.

खर्च असा झाला: दोन्ही बाजूंचे पाटे २६,००० रुपये, शॉकअप १८,००० रुपये, यू बोल्ट, सेंटर बोल्ट व बुश मिळून ४,२०० रुपये आणि मजुरी ६,५०० रुपये, एकूण ५४,७०० रुपये. शॉकअप सोडल्यास बाकी सर्व हिशेब एका कागदावर हाताने लिहून मिळाला आणि हमी तोंडी आहे.

तेव्हापासून गाडी चार हजार किलोमीटर चालली आहे. पाटे सुरुवातीला साडेअठ्ठावन्न सेंटिमीटरवर उभे राहिले आणि हजार किलोमीटरमध्ये बसून साडेसत्तावन्नवर स्थिरावले. तेच सोळा क्रेट भरले की आता अंतर ५४.२ सेंटिमीटर होते. ठोकळा नसतानाही रिकामी उंची पूर्वीपेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त आहे आणि भरलेली पावणेतीन सेंटिमीटर जास्त. क्लच सोडतानाची थरथर पूर्णपणे गेली. त्यासाठी वेगळी पाचर लावावी लागली नाही, कारण ठोकळा निघाल्यावर गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल यांचे कोन जेमतेम एका अंशाचा फरक राहून जुळले. कोटंबी घाट उतरताना भरलेली गाडी पूर्वी वळणात बाहेर कलत असे, ते आता बरेच कमी झाले आहे. रिकामी गाडी मात्र कडक झाली आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. मुंबई नाक्याकडच्या उड्डाणपुलाचे सांधे आता एकेक मोजता येतात, आणि मागे बसणाऱ्या आमच्या आईंनी यावर आपले मत स्पष्ट शब्दांत दिले आहे. रिकामे जाताना मी मागच्या टायरची हवा ३५ वरून ३० वर आणतो, त्याने थोडा फरक पडतो. पहिल्या पावसानंतर पाट्यांमधून कुरकुर सुरू झाली, ती पाटे धुऊन, टोकांना ग्रॅफाइट लावल्यावर थांबली. साधे ग्रीस लावू नये, त्यात धूळ बसून ते पाट्यांना कानशीसारखे घासते.

असे काम करून घेऊ इच्छिणाऱ्याने कायद्याची बाजूही पाहून ठेवावी. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ वाहनात निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. विमा कंपनी दाव्याच्या वेळी याचा आधार घेऊ शकते. तसेच पाटे जाड झाले म्हणून नोंदणीपुस्तकातले वजन वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग आणि मागचे ड्रम ब्रेक मूळचेच आहेत. मी सोळा क्रेटचे वीस केलेले नाहीत.

पाचशे किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळायला गेलो तेव्हा मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. प्रत्येक नटवर आणि शेजारच्या पट्टीवर त्यांनी पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट फिरली, असे समजायचे. मी दर रविवारी गाडी धुताना खाली वाकून ती रेघ पाहतो. आजवर ती तुटलेली नाही. ज्यांना तिथे जायचे असेल त्यांनी फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ टाळावा. त्या दिवसांत द्राक्षांच्या आणि कांद्याच्या गाड्यांची दारात रांग असते आणि हौशी गाडीला कोणी हात लावत नाही. पावसाळ्यात गेलात तर काम वेळेत होईल, आणि काट्याची चिठ्ठी सोबत नेलीत तर एक फेरी वाचेल.