मुलाचा पहिला घोट: घरात द्यावा की सरळ नाही म्हणावं?

"बाहेर चोरून पिण्यापेक्षा आपल्यासमोर घेऊ दे," म्हणणारे बाबा ३१ डिसेंबरला हमखास भेटतात. चौदा वर्षांच्या लेकाच्या ग्लासात बोटभर बिअर, शेजारी चखण्याची प्लेट. हेतू वाईट नसतो; पोराचं कुतूहल शमावं, प्रमाण कळावं, एवढाच.

पण हिशेब जुळत नाही. ऑस्ट्रेलियात सुमारे १९०० मुलांचा सहा वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २०१८ मध्ये आला. आईवडिलांनी दारू दिल्याने धोका कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. उलट अशी मुलं पुढच्या वर्षी बाहेरूनही दारू मिळवण्याची शक्यता जास्त!

शिवाय कायदा. इंग्लंडमध्ये घरात पाच वर्षांवरच्या मुलाला दारू देणं गुन्हा नाही, तरी तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला पंधरापर्यंत नकोच असा. आपल्याकडे बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. देणारा सख्खा बाप असला तरी.

म्हणून माझं मत सरळ "नाही"कडे. फक्त नुसता दरारा नको, नाहीतर पार्टीत अडकलेलं पोरगं घरी फोनच करणार नाही. "प्यायला असलास तरी फोन कर, न्यायला येतो, ओरडायचं ते सकाळी," हे आधीच सांगून ठेवावं.