पडताळणीची लिंक की सहा आकडी कोड?

खातं उघडणाऱ्याने दिलेला ईमेल त्याचाच आहे ना, एवढंच तर बघायचं असतं. पण त्यासाठी मेलमध्ये लिंक पाठवावी की कोड, यावर माझं जेवढं डोकं खर्ची पडलं तेवढं लॉगिनच्या बाकी सगळ्या कामात मिळून पडलं नसेल. आधी लिंक ठेवली होती, आता कोड आहे.

कागदावर लिंक सरस दिसते, आणि ते खोटंही नाही. वापरणाऱ्याला काही टाइप करावं लागत नाही. लिंकमधलं टोकन, म्हणजे एकदाच चालणारी गुप्त खूण, १२८ बिटांचं ठेवलं की अंदाजाने सापडण्याचा विषयच संपला, मग ते २४ तास चालू राहिलं तरी काळजी नाही. सहा आकडी कोडच्या शक्यता मात्र एकूण १० लाख. पाच चुकांनंतर कोड रद्द केला तर नशिबाने लागण्याची शक्यता दोन लाखांत एक, म्हणजे ठीक. पण ‘पुन्हा पाठवा’ दाबल्यावर चुकांची मोजणी शून्यावर आणलीत, तर कोणी स्क्रिप्ट लावून रात्रभर नवे कोड मागवत बसेल. मोजणी कोडवर नको, खात्यावर हवी. लिंकमागे ही उस्तवार नसते.

तरी लिंक सोडली, ती एका तक्रारीपायी. “लिंक दाबली की ‘ही लिंक आधीच वापरली आहे’ असं येतं. मी तर पहिल्यांदाच दाबली.” मी ठरलेलं उत्तर दिलं, दोनदा क्लिक झालं असेल. मग त्याच ऑफिसातल्या आणखी दोघांचं हेच गाऱ्हाणं आलं, तेव्हा निमूट लॉग उघडला. मेल गेला १०:४२:०७ ला. टोकन वापरलं गेलं १०:४२:११ ला. त्या माणसाचं क्लिक १०:४६ चं. चार सेकंदांत मेल उघडून, वाचून लिंक दाबणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. त्यांच्या मेल सर्व्हरपुढे बसवलेली सुरक्षा यंत्रणा आलेली प्रत्येक लिंक आधी स्वतः उघडून बघत होती.

चूक तिची नव्हती. गेट विनंतीने, म्हणजे नुसतं पान मागण्याने, सर्व्हरवर काही बदलू नये हा एचटीटीपीचा, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांचा, जुना संकेत, आणि मी नेमका गेटवरच टोकन खर्ची टाकत होतो. मग मध्ये एक पान घातलं, त्यावर ‘पुष्टी करा’ बटण आणि ते दाबल्यावरच जाणारी पोस्ट विनंती, म्हणजे बदल करायला सांगणारी. (हे करणार असाल तर पान उघडताच फॉर्म आपोआप पाठवू नका, काही यंत्रणा जावास्क्रिप्टही चालवतात.) तक्रारी थांबल्या. पण एका क्लिकचं सुख गेलं ते गेलंच. शिवाय लॅपटॉपवर खातं उघडणारा मेल फोनवर वाचतो, लिंक फोनवर उघडते आणि लॅपटॉपवरचं पान आपलं ‘मेल तपासा’ म्हणत बसून राहतं.

आणि एक गोष्ट मनातून जाईना. त्या चार सेकंदांत खातं ‘पडताळलेलं’ झालं होतं, कोणीही मेल न वाचता. तिऱ्हाइताने त्या ऑफिसातल्या कोणाचाही पत्ता टाकला असता, तरी यंत्राने शिक्का मारून दिला असता. मग पडताळणी कसली?

कोडला हे होत नाही. यंत्राने तो वाचला तरी टाकणार कुठे? ज्या खिडकीतून मागवला तिथेच तो परत यावा लागतो. आयओएस १७ पासून मेल ॲपमध्ये आलेला कोड सफारी आपणहून सुचवते, त्यामुळे टाइप करण्याचा जाचही थोडा कमी झालाय.

कोडने मला छळलं नाही असं नाही. पहिल्याच आठवड्यात काही जणांचा बरोबर कोडही चूक ठरत होता. मी तो संख्या म्हणून साठवला होता, त्यामुळे ०४८२१३ चा झाला ४८२१३. शून्याने सुरू होणारे कोड दहांत एक असतात, म्हणून चाचणीत निसटलं. कोड मजकूर म्हणूनच साठवा. दुसरं, घाईतला माणूस ‘पुन्हा पाठवा’ दोनदा दाबतो आणि आधीच्या मेलमधला कोड टाकतो. मी शेवटचे दोन कोड चालवून घेतो, मुदत दहा मिनिटं. तज्ज्ञ नाक मुरडतील, पण माझ्याकडच्या तक्रारी त्यानेच ओसरल्या.

कोड फोनवर गोड बोलून काढून घेता येतो, हा आक्षेप खरा आहे. पत्ता पडताळण्यापुरतं ते फारसं बोचत नाही. त्याच कोडने लॉगिनही देणार असाल तर पुन्हा विचार करा. तुमचे लोक मेल दुसऱ्या दिवशी उघडणारे असतील, तर बटणाच्या पानासह लिंकच बरी, दहा मिनिटांचा कोड त्यांच्या कामाचा नाही. मेल स्पॅममध्ये गेला तर मात्र दोन्ही सारखेच निकामी, तेव्हा मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे समोरच्या सर्व्हरला पटवणाऱ्या नोंदी, एसपीएफ आणि डीकेआयएम, आधी लावून घ्या.

मी तर आता कोड मेलच्या विषयातच टाकतो. निम्मे लोक मेल उघडतही नसावेत.