टाकीतलं काळं पाणी आमच्या सोफ्याचं नव्हतं

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला नणंदेकडची मंडळी दरवर्षी आमच्याकडे उतरतात. अक्षता सोहळा बघतात, चार दिवस राहतात. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरातला सोफा नऊ वर्षांचा, बदामी रंगाच्या सुती कापडाचा. सासूबाई बसतात त्या कोपऱ्यात डोक्याच्या तेलाचा काळपट पट्टा पडलेला. यंदा पाहुणे यायच्या आधी धुऊनच घ्यायचा असं ठरवलं आणि तिथंच फसले. सोफा धुवायला आलेली ती पोरं अजून शहरात काम घेत असतील, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मोबाइलवर जाहिरात बघून फोन केला. सीटला २५० रुपये, पाच सीटचे १,२५०. दोन पोरं आली, अंगात छापील टी-शर्ट, बरोबर मशीन. सोफ्यावरून हात फिरवून मोठा म्हणाला, "मॅडम, शाम्पूनं वरचा मळ जाईल. आतल्या फोममधला काढायचा तर एक्स्ट्रॅक्शन करावं लागतं, म्हणजे आत पाणी मारून मशीननं परत ओढायचं. सीटमागे २५० जादा." हातातलं हत्यारही दाखवलं. वाकडी नळी, तिला ट्रिगर आणि पुढं पारदर्शक प्लास्टिकचं चपटं तोंड. मी हो म्हटलं.

त्यांनी बाटलीनं शाम्पू मारला, ब्रशनं घासून फेसच फेस केला, फडक्यानं पुसला. मग मशीनच्या प्रचंड आवाजात ते हत्यार सगळीकडून फिरवलं. शेवटी मशीनची टाकी उघडून मला बोलावलं. आत चहाच्या गाळासारखं काळं पाणी. "बघा, कशावर बसत होता तुम्ही!" मला खरंच लाज वाटली. ते पाणी त्यांनी मागच्या मोरीत ओतलं, मी तिथल्या तिथं फोनवरून २,५०० रुपये पाठवले आणि ते गेले. बिल मी मागितलं नाही, ही माझी मोठी चूक.

संध्याकाळी मोरी घासताना जाळीवर पांढरे, आखूड केस अडकलेले दिसले. पुंजकाच होता. आमच्या घरात कुत्रं नाही, मांजर नाही. तरी तेव्हा डोक्यात काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोफा ओला. तिसऱ्या दिवशीही गादी दाबली की बोटांना गार ओल लागायची आणि कडेनं फेस यायचा. आंबलेल्या फडक्यासारखा वास सुटला. सासूबाईंना दमा आहे, त्यांची बैठक आतल्या खोलीत हलवावी लागली. वाळत गेला तसे कडांवर तपकिरी वळ उठले. पाहुणे सतरंजीवर बसले. त्या नंबरवर फोन केला तर पहिल्या दिवशी "येतो" आणि नंतर बंद.

बहिणीला दाखवायला मी काम चालू असताना छोटा व्हिडिओ काढला होता. तो पुन्हा नीट बघितला तेव्हा पोटात गोळा आला. हत्याराला पाणी नेणारी बारीक नळी जोडलेलीच नव्हती, खाली लोंबत होती. पोरगा ट्रिगर दाबत होता, पाणी येतच नव्हतं. पारदर्शक तोंडातून पाण्याचा एक थेंब वर जाताना दिसत नाही.

सोफा बनवणाऱ्या एका मिस्त्रींनी पुढं एका माणसाचं नाव सुचवलं. त्यांचं काम मी जवळ बसून बघितलं. आल्या आल्या त्यांनी मागितलं ते पाणी. "अक्का, नळाचं द्या, बोअरचं नको. क्षारानं कापडावर पांढरं उमटतं." आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तरी साठवलेल्यातल्या दोन कळशा दिल्या. मग त्यांनी रिकामी टाकी उलटी करून दाखवली, मी न सांगता. सोफ्याच्या पाठीमागे न दिसणाऱ्या जागी औषध लावून, पांढऱ्या फडक्यानं टिपून रंग सुटतो का ते पाहिलं.

ते हत्यार खरं कसं चालतं ते तेव्हा कळलं. तोंड जेमतेम चार इंच रुंद. कापडावर टेकवून, ट्रिगर दाबून आपल्याकडे ओढायचं. पुढच्या बारीक छिद्रातून कोमट पाणी जोरात आत शिरतं आणि लगेच मागची फट ते मळासकट शोषून घेते. त्यानंतर ट्रिगर सोडून त्याच पट्ट्यावरून दोन-तीनदा नुसतं ओढायचं. ही कोरडी ओढच खरी. ती टाळली की पाणी फोममध्ये मुरतं, आणि सुती कापड फार वेळ ओलं राहिलं की तपकिरी पडतं. माझ्या सोफ्याचे वळ त्यामुळेच उठले होते. पारदर्शक तोंडातून वर जाणारं पाणी निवळ दिसेपर्यंत ते त्याच जागेवर ओढत राहिले.

आणि वर काय गेलं? पहिल्या सीटला नुसता पांढरा फेस. त्यांनी तर शाम्पू लावलाच नव्हता! फेस दाबायचं औषध टाकीत घालावं लागलं. तो सगळा आधीच्यांनी आत ठेवून दिलेला साबण होता. तो तसाच राहिला असता तर चिकटपणानं धूळ धरून सोफा महिन्याभरात पहिल्यापेक्षा काळा झाला असता. काम संपल्यावर त्यांनी आपला सोलापुरी पांढरा टॉवेल सीटवर घालून त्यावर गुडघा दाबायला सांगितलं. टॉवेल नुसता दमट झाला. रात्री पंखा लावून ठेवला, सकाळी सोफा कोरडा. कडांचे वळ मात्र फिके झाले, गेले नाहीत.

तुमच्याकडे कोणी आलं तर काम सुरू व्हायच्या आधी टाकी रिकामी आहे का ते स्वतः बघा आणि नळी जोडून बादलीत एकदा फवारा मारायला लावा. पैसे टॉवेल दाबून बघितल्यावरच, आणि बिल घेऊन. माणूस खरा असेल तर यातल्या कशालाच तो नाही म्हणणार नाही.

केसांचा उलगडा भिशीत झाला. दोन गल्ल्या पलीकडच्या काकूंकडे पांढरं पॉमेरेनियन आहे. तीच पोरं त्याच दिवशी सकाळी त्यांच्याकडे येऊन गेली होती. त्यांचाही सोफा तीन दिवस ओला होता आणि त्यांनाही टाकीतलं काळं पाणी दाखवलं होतं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर आम्ही दोघींनी तक्रार नोंदवलीय. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, तेव्हा गरज पडली तर तिथंही जाणार आहोत. माझा व्हिडिओ आणि दोघींच्या पैसे पाठवल्याच्या नोंदी जपून ठेवल्यात. ज्यांच्याकडे ही पोरं येऊन गेली असतील त्यांनीही आपल्या नोंदी पुसू नका.