सारस शोधताना सारसबाग: छंदानुसार बातम्या देणाऱ्या ॲपचा दहा महिन्यांचा अनुभव

आमचे गाव गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमधले (बांध घातलेल्या शेतांमधले) आणि जुन्या मालगुजारांच्या काळातील मामा तलावांच्या काठचे पक्षी पाहणे आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातील जंगलपट्ट्याची, नाटके पाहणे, हे माझे जुने छंद. या दोन्ही विषयांच्या बातम्या वर्तमानपत्रात जिल्ह्याच्या पानावर कोपऱ्यात येतात आणि नजरेतून सुटतात. म्हणून वाचकाच्या छंदाभोवती बातम्यांची मांडणी करणारे एक मराठी ॲप मी गेल्या माघात घेतले. ते रोज वापरून आता दहा महिने झाले आहेत.

सुरुवातीलाच छंदांची तयार यादी समोर येते. तीत क्रिकेट, चित्रपट, पाककला, पर्यटन असे सर्व काही आहे, पण पक्षी नाहीत. सुदैवाने आपला शब्द स्वतः लिहिण्याची सोय आहे, म्हणून मी ‘सारस’ आणि ‘नाटक’ हे दोन शब्द लिहिले. पहिला पंधरवडा पुण्याच्या सारसबागेच्या बातम्या येत राहिल्या, आणि ‘नाटक’ या शब्दाखाली एका पक्षाने दुसऱ्या पक्षावर केलेले नाटकबाजीचे आरोप. ॲप शब्द जुळवत होते, अर्थ नव्हे. मात्र प्रत्येक बातमीखाली ‘ही का दिसली?’ असे एक बटण आहे. ते दाबल्यावर कोणत्या शब्दामुळे बातमी आली ते कळते आणि शब्द चुकला, ठिकाण चुकले की विषय नको आहे, हे सांगता येते. मी ‘सारस’ला ‘पक्षी’, ‘गोंदिया’ आणि ‘भंडारा’ या शब्दांची जोड दिली आणि चार दिवसांत सारसबाग नाहीशी झाली. या ॲपमधील ही सर्वांत चांगली गोष्ट आहे. महाराष्ट्रात सारस मुख्यतः आमच्याच भागात उरला आहे आणि तो धानाच्या शेतात, पाणथळीत घरटे करतो. त्यामुळे त्याच्या बातम्या वर्षाकाठी मोजक्याच येतात, आणि किती लोकांनी वाचली यावर क्रम लावणाऱ्या ठिकाणी त्या कधीच वर येत नाहीत. इथे त्या वर येतात.

माझी मुख्य तक्रार शीर्षकांबद्दल आहे. शीर्षकाला दोनच ओळी दिलेल्या आहेत आणि उरलेला मजकूर तीन टिंबांत जातो. मराठी वाक्याचा निकाल शेवटच्या शब्दात असतो, हे मांडणी करणाऱ्याने लक्षात घेतलेले दिसत नाही. समजा, ‘घरट्यासाठी बांधी राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना मोबदला देण्यास प्रशासनाचा…’ एवढेच दिसले, तर पुढे होकार आहे की नकार? माझ्या वयाच्या माणसाला अक्षर मोठे करावे लागते, आणि ते मोठे केले की ‘मोबदला’ हा शब्दही दिसेनासा होतो. शिवाय ओळींमधील अंतर इतके कमी आहे की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात. छायाचित्राची उंची थोडी कमी केली तर चार ओळी सहज बसतील.

दुसरा दोष ऋतूंचा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर प्रयोग रंगतात आणि साधारण होळीपर्यंत हंगाम चालतो. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा हा विषय कुणा एकट्याच्या आवडीचा नाही. पण होळीनंतर मी नाटकाच्या बातम्या उघडल्या नाहीत, त्यावरून माझी आवड संपली असे ॲपने ठरवले आणि आषाढापर्यंत तो विषय तळाशी नेला. दिवाळीला पहिल्या प्रयोगांच्या बातम्या मला मिळाल्याच नाहीत. त्या शेजाऱ्याकडून कळल्या. वैशाखात बांधी रिकामी दिसली म्हणून त्या माणसाने शेती सोडली, असे आमच्याकडे कुणी म्हणत नाही.

पक्षी सप्ताहात मात्र ॲपने चांगले काम केले. मारुती चितमपल्ली यांच्या ५ नोव्हेंबर या जन्मदिवसापासून सलीम अली यांच्या १२ नोव्हेंबर या जन्मदिवसापर्यंत हा सप्ताह असतो आणि त्या काळात एकच मजकूर अनेक वर्तमानपत्रांत येतो. ॲपने तो एका शीर्षकाखाली गोळा केला. चितमपल्लींनी नवेगावबांधच्या जंगलात नोकरी केली होती, त्यामुळे त्यांच्यावरचे लेख आमच्या घरी सगळेच वाचतात.

गावात नेटवर्क पहाटेच बरे असते. बातम्या तेव्हा उतरवून ठेवता येतात, आणि वीस बातम्यांनंतर ‘आजचे वाचन संपले’ अशी पाटी येते, हे मला फार आवडले. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ मात्र बंद करून घ्यावेत.

शीर्षक आणि हंगाम या दोन्ही गोष्टी मी कंपनीला लिहून कळवल्या आहेत. तोपर्यंत ‘झाडीपट्टी’ हा शब्द मी ‘कायम ठेवा’ या यादीत स्वतः घातला आहे. ही यादी सेटिंगच्या तिसऱ्या पानावर, ‘इतर’ या शीर्षकाखाली सापडते.